कर्करोगाच्या नोंदवहीत जातीचा रकाना का नाही?

‘कॅन्सरला जात नसते’ हे वाक्य आम्ही आजवर किती व्यासपीठांवरून ऐकले असेल, याचा हिशेब नाही. महिला दिनाचा कार्यक्रम असो की आरोग्य शिबिराचे उद्घाटन, पाहुणे म्हणून आलेले डॉक्टर हे वाक्य हमखास बोलतात आणि समोरून टाळ्या पडतात. बोलणाऱ्याच्या मनात खोट असते असे आम्ही म्हणणार नाही. गाठ कोणाच्याही अंगात होऊ शकते, एवढेच त्यांना सांगायचे असते. पण वकिली करणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. कोणी काही ठामपणे सांगितले की त्याला कागद मागावासा वाटतो. कॅन्सरला जात नसते हे कोणत्या नोंदवहीत पाहून ठरवले? आम्ही तो कागद शोधायला निघालो, तेव्हा कळले की असा कागद तयारच होऊ नये अशी आपल्याकडची व्यवस्था आहे.

आपल्या देशात कर्करोगाची शास्त्रशुद्ध नोंद ठेवण्याचे काम मुंबईत सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबई शहराची कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ती पहिली नोंदणी. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि १९८७ साली बार्शीला ग्रामीण भागाची पहिली नोंदणी उभी राहिली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांतून, तपासणीच्या प्रयोगशाळांतून, मृत्यूच्या दाखल्यांतून एकेक रुग्ण गोळा करतात. रुग्णाचे वय लिहितात, पत्ता लिहितात, मातृभाषा, धर्म आणि शिक्षण लिहितात, रोग कोणत्या अवयवाचा आहे ते लिहितात. जात लिहीत नाहीत.

धर्म विचारला त्याचा उपयोग काय झाला, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या नोंदणीचे डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली मुंबईतल्या २,१३० स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाचा धर्मवार अभ्यास प्रसिद्ध केला. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त, गर्भाशयमुखाचा कमी. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा जास्त, हे चित्र मुंबईच्या आकड्यांतून जगापुढे गेले. मग पारशी स्त्रियांचे उशिरा होणारे लग्न, कमी मुले, आहार, नात्यातली लग्ने यांवर चर्चा झाली, अभ्यास झाले. या डॉक्टरांना कोणी जातीयवादी म्हटले नाही, म्हणायचे कारणही नव्हते. मूठभर पारशी समाजातल्या स्त्रियांसाठी शास्त्राने वेगळा तक्ता मांडला, ही चांगलीच गोष्ट झाली. आमचा प्रश्न त्याच तक्त्यातल्या शेजारच्या रकान्याचा आहे. ‘हिंदू’ या एका शब्दाखाली मलबार हिलवरची शेठाणी, गोवंडीच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा वेचणारी मातंग बाई आणि वीटभट्टीवरून उपचाराला आलेली कातकरी बाई एकत्र मोजल्या जातात. तिघींची बेरीज करून सरासरी काढली की शेवटच्या दोघी दिसेनाशा होतात.

वर्णभेदाने पोखरलेल्या दुसऱ्या एका समाजाने हाच प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे आपल्याला परके नाही. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ च्या जुलैत त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. त्यामुळे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कर्करोगाचे आकडे आम्ही चुलत घरची बातमी वाचावी तसे वाचतो.

अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग नोंदणी १९७३ पासून चालू आहे आणि त्यात रुग्णाचा वंश लिहिला जातो. १९८५ साली तिथल्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या खात्याचा अहवाल आला. गोऱ्यांइतकी आरोग्याची स्थिती असती तर टळले असते असे अल्पसंख्याकांचे मृत्यू वर्षाला सुमारे ६०,००० आहेत, असे त्यात सरकारनेच लिहून दिले. १९९३ च्या कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याकांचा समावेश बंधनकारक झाला. एवढे झाल्यावर निदान भांडायला आकडे तरी हाती आले. आज तिथे सांगता येते की कृष्णवर्णीय स्त्रीला स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी आहे, पण त्याने मरण्याचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी जास्त आहे. रोग कमी आणि मरण जास्त, हे कसे?

तिथेही एक वर्ग लगेच रक्ताकडे आणि जनुकांकडे बोट दाखवतो. हार्मोनच्या औषधांना दाद न देणारा एक आक्रमक प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळतो, हे खरेच आहे, ते नाकारायचे कारण नाही. पण नोंदवही जुनी असल्यामुळे त्यांना आणखी एक गोष्ट तपासता आली. १९८० च्या सुमारास दोन्ही वंशांच्या स्त्रियांचे स्तनाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. त्यानंतर मॅमोग्राफी आली, नवी औषधे आली, गोऱ्या स्त्रियांचे मृत्यू भराभर कमी झाले आणि दोन रेषा एकमेकींपासून दूर गेल्या. जनुके काही १९८० नंतर बदलली नाहीत. बदलले ते उपचार, आणि ते सर्वांच्या दारात सारखे पोहोचले नाहीत. हे वाक्य कोर्टात उभे राहू शकते, कारण त्याच्या पाठीशी पन्नास वर्षांची नोंद आहे.

आपल्याकडे असे एकही वाक्य कोणाला बोलता येत नाही. दलित स्त्रीचा कर्करोग कोणत्या टप्प्यावर सापडतो, उपचार सुरू झाल्यावर ती किती वर्षे जगते, उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांत ती किती असते, या प्रश्नांना सरकारी नोंदणीकडे उत्तर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१८ साली एका अहवालात सांगितले की भारतात दलित स्त्रीचे मृत्यूचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि उच्चवर्णीय स्त्रीचे ५४.१ वर्षे आहे. साडेचौदा वर्षांचा फरक! ती कशाने मेली, हे मात्र त्यातून कळत नाही.

जात विचारणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे कोणी म्हणाले तर त्याच्यापुढे सरकारचाच कागद ठेवावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरोघर जाऊन अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी असे विचारते आणि तसे तक्ते छापते. २०१९–२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या, स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना कोणी हातच लावलेला नाही, असा याचा अर्थ. ज्या सरकारला तपासणीच्या वेळी जात विचारता येते, त्याला निदानाच्या वेळी ती का विचारता येऊ नये? प्रमाण काढायला दोन आकडे लागतात, वर रुग्णसंख्या आणि खाली लोकसंख्या. अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या तर स्वतंत्र भारताची प्रत्येक जनगणना देत आली आहे. खालचा आकडा सत्तर वर्षे तयार आहे. वरचा कोणी लिहिलेला नाही.

मात्र संशोधनासाठी स्त्रिया हव्या होत्या तेव्हा आपल्या वस्त्या बरोबर सापडल्या. टाटा मेमोरियल रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ च्या ऑक्टोबरपासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप चाचणी, काहींत गर्भाशयमुखाला ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. उरलेल्या गटात यांपैकी एकही तपासणी नाही. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या निकालाचे महत्त्व जगाने मानले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली.

मुंबईतला दुसरा प्रयोग १९९८ पासून झोपडपट्ट्यांत चालला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया, वस्त्यांचे २० गट. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी ॲसिटिक आम्लाची तपासणी, उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती. तपासणी झालेल्या बाजूला मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ साली शिकागोत जाहीर झाले आणि जगभरच्या डॉक्टरांनी कौतुक केले. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. उस्मानाबादच्या प्रयोगाला गेट्स फाउंडेशनचा.

यावर पहिला जाहीर आक्षेप एका अमेरिकन डॉक्टरने घेतला, हे आपल्या चळवळीने लक्षात ठेवायला हवे. एरिक सुबा यांनी २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल या तीन प्रयोगांची बेरीज मांडली. तपासणी न मिळालेल्या गटांत १,३८,६२४ स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या किमान २५४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मेल्या. तपासणीने जीव वाचतो हे पॅप चाचणीमुळे कित्येक दशके ठाऊक असताना, तपासणी न करता मृत्यू मोजत राहायचे हे कोणत्या नीतीत बसते, असा त्यांचा सवाल होता. मुंबईच्या प्रयोगात संमती घेताना स्त्रियांना दिलेली माहिती अपुरी होती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयानेही काढला. संशोधकांचा बचाव असा की भारतात तशीही कोणाची तपासणी होत नव्हती, त्यामुळे त्या स्त्रियांना मिळणारे काही काढून घेतले नाही. बचाव खोटा नाही. यातल्या काही डॉक्टरांनी झोपडपट्टीत वर्षानुवर्षे चिकाटीने काम केले, दहावी शिकलेल्या मुलींना तपासणीचे प्रशिक्षण दिले, हेही आम्ही मान्य करतो. पण तो बचाव नीट ऐकला तर सरकारवरचा आरोप आपोआप सिद्ध होतो. ‘तशीही तपासणी होत नव्हती’ म्हणजे कोणाची होत नव्हती? पैसे मोजून पॅप करून घेणाऱ्या स्त्रिया त्या काळातही मुंबईत होत्याच. त्या या गटांत नव्हत्या.

आणि त्या २५४ मध्ये बौद्ध किती, चांभार किती, मुस्लिम किती, पारधी किती? निकाल जातवार मांडलेले नाहीत. त्या झोपडपट्टीतल्या म्हणून निवडल्या गेल्या आणि फक्त ‘स्त्रिया’ म्हणून छापल्या गेल्या.

याच रोगावरच्या लशीची कथाही फार वेगळी नाही. २००९–१० मध्ये पाथ या अमेरिकन संस्थेने आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत सुमारे २४,००० मुलींना एचपीव्ही लस दिली. त्यांत आदिवासी वसतिगृहांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या आणि कित्येकींच्या संमतिपत्रावर आईबापांऐवजी वॉर्डनने सही केली होती. सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत लशीशी त्या मृत्यूंचा संबंध आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. तो अहवाल न्यायालयात वापरता येतो का, हा प्रश्न ‘कल्पना मेहता विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात घटनापीठापुढे गेला आणि ९ मे २०१८ रोजी घटनापीठाने तो वापरता येतो असा निर्णय दिला. आमच्या व्यवसायबंधूंना हा निर्णय संसद आणि न्यायालय यांच्या संबंधांसाठी पाठ असतो. त्याच्या मुळाशी आदिवासी मुलींचे दंड होते, याचा विसर पडतो. लस मात्र चांगली आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने ती आता देशातच बनवली आहे. ती आपल्या लेकींना द्यावी. तिच्याविषयीच्या अफवा व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या बाईचे वय मोजावे.

आता आपल्या रायगड जिल्ह्याकडे येऊ. मुंबई-गोवा महामार्गावरची पेणची रामवाडी आमच्या वाचकांना एसटीच्या थांब्यामुळे माहीत असते. आजूबाजूच्या वाड्यांतून, रोह्याकडच्या गावांतून आलेली माणसे इथून पनवेल-मुंबईची गाडी पकडतात. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत सोनोग्राफीचे मोठे पाकीट असलेली बाई या थांब्यावर दिसली नाही असा दिवस विरळा. टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र याच रायगड जिल्ह्यात, रामवाडीपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तिथे जगातली आधुनिक यंत्रे आहेत. आणि या भागातल्या ज्या वाड्यांशी आमचा संबंध येतो, तिथल्या एकाही बाईची एचपीव्ही चाचणी झाल्याचे आम्हाला अजून आढळलेले नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कागदपत्रांसाठी आमच्याकडे लोक येतात. मागच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन फाइली आमच्या टेबलावरून गेल्या. तिघींची ओळख कळेल असे काही इथे लिहीत नाही. एक वीटभट्टीवर जाणारी कातकरी बाई. दिवाळी झाली की भट्टीवर आणि पाऊस आला की वाडीवर, असे तिचे वर्ष. ती वाडीवर असते तेव्हा आशाताई भेटते, पण रक्त जायला लागले ते भट्टीवर असताना. दुसरी बौद्ध, चार घरची धुणीभांडी करणारी. तिला एका खासगी दवाखान्यात आठ महिने ‘पांढरे जाते’ म्हणून गोळ्या दिल्या, आतून तपासणी एकदाही केली नाही. तपासायचे म्हणजे हात लावावा लागतो, असे ती स्वतःच म्हणाली, आम्ही विचारले नव्हते. तिसरीचे निदान वेळेत झाले होते, पण रेशनकार्डावर नाव नव्हते आणि ते चढेपर्यंत तीन महिने गेले. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. म्हणजे योजना जुनी, जिल्हा जुना, कर्करोगाचे केंद्र जिल्ह्यातच, आणि अडकले कुठे तर रेशनकार्डावर. तिन्ही फाइलींतल्या केसपेपरवर जात कुठेही लिहिलेली नाही. उशीर का झाला याचे प्रत्येक कारण मात्र तिच्या जातीपाशी जाऊन थांबते.

तीन फाइलींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्हालाही कळते. म्हणूनच तीन हजार फाइलींची मोजदाद मागतो आहोत.

मोजदाद नसली की तिच्या जागी काय येते? दोष देणे येते. गर्भाशयमुखाचा कर्करोग ‘अस्वच्छते’मुळे होतो, असे शिबिरात आजही सांगितले जाते आणि वस्तीतल्या बाया माना खाली घालतात. हा रोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तो शोधणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू केव्हा ना केव्हा लागतो आणि बहुतेकांच्या अंगातून निघूनही जातो. ज्यांच्यात राहतो त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढ्या वर्षांत एकदा जरी तपासणी झाली तरी पांढरा डाग दिसतो आणि तो गोठवून काढून टाकता येतो. पाणी आणि न्हाणीघर प्रत्येक घरी हवेच, त्यासाठी तर याच जिल्ह्यात १९२७ साली महाडचे तळे गाठावे लागले. पण तपासणी न देता साबणावर भाषण देणाऱ्याने बाईचा दोष काढू नये.

मोजदाद नसली की भीतीचा धंदाही येतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची पाहणी राज्य सरकारच्या समितीने २०१९ साली केली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या अनेक जणी तरुण. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे डॉक्टरने सांगितल्याचे कित्येकींनी सांगितले. या बाया दलित, भटक्या आणि मागास जातींतल्या. जिला खऱ्या कर्करोगाची तपासणी कधी मिळत नाही, तिच्याकडून नसलेल्या कर्करोगाचे पैसे घेतले जातात. मुकादमाची उचल घेऊन ते फेडले जातात, ही आणखी वेगळी कथा.

यात हिशेबाचीही एक गोम आहे, ती सहज लक्षात येत नाही. पिशवी काढलेल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग सहसा होऊ शकत नाही, पण लोकसंख्येत ती मोजली जाते. त्यामुळे प्रमाण कमी दिसते. अमेरिकेत २०१७ साली ही चूक दुरुस्त करून पाहिली. कृष्णवर्णीय स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू लाखात ५.७ मानले जात होते, ते १०.१ निघाले, गोऱ्या स्त्रियांचे ३.२ वरून ४.७ झाले. दोन्हींमधली दरी आधी वाटली त्यापेक्षा मोठी होती. बीडमध्ये हीच दुरुस्ती करायची म्हटली तर करता येणार नाही. रुग्णाची जात आणि व्यवसाय लिहिलेलाच नसेल तर दुरुस्ती कशात करणार?

नुसत्या मोजण्याने काय होते, असे विचारणाऱ्याने बार्शीला जाऊन यावे. तिथल्या ग्रामीण नोंदणीचे कर्मचारी रुग्ण शोधत गावोगाव फिरायचे. फिरताना रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, स्तनातली गाठ ही लक्षणे लोकांना सांगायचे, पेशंटला रुग्णालयात यायला लावायचे. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की काही वर्षांतच त्या गावांतल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यात सापडू लागले. यंत्र नवे आणले नव्हते. नोंद करणारा माणूस दारात येत होता, एवढेच. आमच्या वाड्यांत असा माणूस फिरला तर काय होईल, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

रुग्णालयात जात विचारली तर भेदभाव वाढेल, ही शंका आमच्याच कार्यकर्त्यांनी घेतली आहे. शंका रास्त आहे. वॉर्डात खाटेच्या पाटीवर जात लिहावी असे आम्ही म्हणत नाही. केसपेपरवरही नको. नोंदणीचा कर्मचारी वेगळा असतो, त्याचा कागद वेगळा असतो, बाहेर फक्त बेरजा जातात. उत्तर द्यायचे की नाही हे रुग्णाने ठरवावे. खाटेवरची जात तशीही लपत नाही. आडनाव, पत्ता, बोली यांवरून ती ओळखणारे ओळखतातच. आज ती फक्त भेदभाव करणाऱ्याला कळते, हिशेब करणाऱ्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. धर्माचा रकाना आजही नोंदणीत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध होते. म्हणजे निदान बौद्ध स्त्रियांपुरता तक्ता सरकारला उद्या मांडता येईल. पण आपल्यातले कित्येक जण रुग्णालयात गेले की दबक्या आवाजात ‘हिंदू’ सांगतात किंवा कारकून विचारल्याशिवाय तसे लिहून टाकतो आणि आपण बघत राहतो. बौद्धांच्या अनुसूचित जातीच्या सवलती धर्म लिहिल्याने जातात, हा जुना समज अजून टिकून आहे. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रानेही बौद्धांना अनुसूचित जातीत मान्यता दिली, त्याला तीन दशके उलटली. १९५६ साली नागपूरला जे स्वीकारले ते दवाखान्याच्या खिडकीवर सांगायला काय हरकत आहे?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने येत्या जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे खालचा आकडा आता सर्वच जातींचा मिळू शकेल. वरचा आकडा मिळावा म्हणून आम्ही एक निवेदन तयार केले आहे. ते राज्याच्या आरोग्य विभागाला आणि नोंदणी कार्यक्रम चालवणाऱ्या बंगळूरुच्या केंद्राला जाईल, प्रती अनुसूचित जाती व जमातींच्या दोन्ही राष्ट्रीय आयोगांना. मागण्या तीन आहेत. नोंदणीच्या अर्जात सामाजिक प्रवर्ग आणि जात यांचा ऐच्छिक रकाना असावा. दरवर्षी निदानाचा टप्पा आणि उपचार अर्धवट सुटण्याचे प्रमाण प्रवर्गवार छापावे. आणि तपासणीचे फिरते पथक दिवाळीनंतर वाडीऐवजी वीटभट्टीवर जावे.

मसुदा रामवाडीत महिला मंडळापुढे वाचला तेव्हा मागणी क्रमांक एकवर बराच वाद झाला. नको म्हणणाऱ्या होत्या, हवे म्हणणाऱ्याही होत्या. शेवटी एका वयस्क ताईंनी दुरुस्ती सुचवली: हा प्रश्न बाईनेच विचारावा, पडद्याआड विचारावा आणि तो का विचारतो आहोत हे आधी सांगावे. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. ती मसुद्यात घातली आहे आणि सह्यांचे कागद रविवारपासून विहारात ठेवले आहेत.